‘क्रांतिकारी शोध’ मोबाईलवर आला, आता काय करायचं?

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अमळनेरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पारोळ्याकडचे एक नाना जळालेली सबमर्सिबल घेऊन आले. पंप ठीक होता. पण मीटरपासून बोअर चारशे मीटर लांब, आणि मधली केबल जुनी, जागोजाग जोड मारलेली. टोकाला व्होल्टेज पोचतच नव्हतं. मी म्हटलं, “नाना, आधी केबल बदला, नाहीतर पुढची मोटारही जळेल.” नानांनी मोबाईल पुढे केला. त्यात एक काळा खडा लोहचुंबकावर अर्धवट तरंगत होता आणि खाली लिहिलं होतं की बिनरोधाची तार आता येणारच, वीजगळती कायमची संपली.

“भाऊ, हाई खरं शे का? केबल लेऊ का थांबू?”

तो खडा म्हणजे एलके-९९. त्याचं काय झालं ते पुढे येईल. नानांसारखे दहा जण महिन्याला विचारतात, म्हणून माझी पद्धत एकदा लिहूनच काढतो. मी बीएस्सी फिजिक्स करून वडिलांच्या दुकानात बसलो, शास्त्रज्ञ नाही. पण २०१६ साली अशाच एका ‘शोधा’पायी एकवीस हजार घालवले, तेव्हापासून वही ठेवतो. पद्धत त्या वहीतूनच आली आहे.

जवळ काय हवं

- एक वही. बातमी ज्या दिवशी आली ती तारीख, नेमका दावा, आणि दाव्यातला आकडा, एवढं लिहायचं. सहा महिन्यांनी ते पान उघडायचं. मूळ फॉरवर्ड तोवर कोणाकडेच नसतो.
- मोबाईलमधला कॅल्क्युलेटर.
- घरचं वीजबिल. चेष्टा नाही. त्यातला ‘युनिट’ हा शब्द तुम्हाला अर्ध्या फसवणुकींतून वाचवेल.
- कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारं ओळखीचं कोणी. मूळ शोधनिबंध इंग्रजीत असतो, त्यातल्या दोन ओळी विचारायला.
- पंधरा दिवसांची सवड.

## १. गाडी कोणत्या स्टेशनवर आहे ते पाहा

आपल्याकडे भुसावळहून सुरतेला जाणारी रेल्वे सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून मी शोधाचे टप्पे तिच्यावरच बसवले आहेत.

भुसावळ: कंपनीने किंवा विद्यापीठाने प्रसिद्धीपत्रक काढलं, पत्रकार परिषद घेतली.
जळगाव: निबंध इंटरनेटवर टाकला, पण अजून कोणी तपासलेला नाही. याला प्रीप्रिंट म्हणतात.
धरणगाव: त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी वाचून, शंका काढून मग नियतकालिकात छापला.
अमळनेर: दुसऱ्या प्रयोगशाळेने स्वतः करून पाहिलं आणि तेच उत्तर आलं.
नंदुरबार: प्रयोगशाळेबाहेर, उन्हा-धुळीत चालणारा नमुना तयार झाला.
सुरत: दुकानात मिळतो, बिल मिळतं, वॉरंटी मिळते.

मोबाईलवर येणाऱ्या बहुतेक बातम्या भुसावळ किंवा जळगावच्या असतात, आणि लिहिलेल्या असतात सुरतेला पोचल्यासारख्या. बातमी खोटी असेलच असं नाही. स्टेशन चुकीचं सांगितलेलं असतं.

मधला प्रवास किती लांब असतो? लिथियम-आयन बॅटरीवर १९७० च्या दशकात काम सुरू झालं, ती बाजारात आली १९९१ साली. म्हणजे जी गाडी खरोखर सुरतेला पोचली, तिलाही वीसेक वर्षं लागली. त्या कामाला नोबेल मिळालं ते तर थेट २०१९ मध्ये.

भुसावळलाच अडकलेल्या गाडीचं जुनं उदाहरण शीत संलयनाचं आहे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. साध्या काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला अणुसंलयन, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जुळून ऊर्जा निघणं, घडवल्याचा दावा होता. निबंध लोकांच्या हाती यायच्या आधीच मथळे छापून आले. जगभर धावपळ उडाली, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटांनीही त्या वर्षी अनुकूल निष्कर्ष दिले. पण खात्रीने, हवं तेव्हा, कोणालाही ते करून दाखवता आलं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या समितीने पुरावा पटण्यासारखा नाही असं सांगितलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा लाटेत शिकलेली, प्रामाणिक माणसंही ओढली जातात. तुम्ही ओढले गेलात तर फार लाजू नका.

## २. मथळ्याच्या मागची अट शोधा

प्रत्येक आकड्यामागे एक अट असते, आणि मथळा ती गिळतो.

२०२० साली बातमी होती, ‘खोलीच्या तापमानाला अतिवाहक सापडला’. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज जाताना रोध शून्य. तापमान होतं १५ अंश, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेचं. मथळ्यात नव्हतं ते हे, की त्यासाठी दाब लागत होता २६७ गिगापास्कल, हवेच्या दाबाच्या सव्वीस लाख पट! हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये धुळीच्या कणाएवढा नमुना दाबून धरायचा, तेव्हा. शेतातली केबल त्यातून कशी निघणार? पुढे २०२२ मध्ये तो निबंध नियतकालिकानेच मागे घेतला. त्याच गटाचा २०२३ च्या मार्चमधला दुसरा निबंधही त्याच वर्षी मागे घेतला गेला.

दुसरं उदाहरण तुमच्या गच्चीवरचं. सोलर पॅनलवर लिहिलेले वॉट हे २५ अंश तापमानाचे असतात, आणि ते तापमान हवेचं नव्हे, पॅनलचं. मे महिन्यात जळगावला पारा ४५ ला गेला की पॅनल ७० च्या आसपास तापतं. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट धरा. शंभर वॉटचं पॅनल चौऱ्याऐंशीवर आलं. कंपनीने खोटं सांगितलेलं नसतं. तिची अट मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असते, आणि खानदेश त्या अटीत बसत नाही.

म्हणून दर बातमीला विचारायचं: किती तापमानाला? किती दाबाला? केवढ्या तुकड्यावर? किती वेळ? यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर वहीत ‘अट लपलेली’ असं लिहा.

## ३. आकडा युनिटमध्ये आणा

ही माझी आवडती पायरी, म्हणून जरा लांबेल.

चार-पाच मापं पाठ करून ठेवा. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजेच ३.६ मेगाजूल. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. भर दुपारी एक चौरस मीटरवर पडणारं ऊन साधारण १००० वॉटचं. चांगलं पॅनल त्यातले दोनशे-सव्वादोनशे वॉट देतं. आणि हजार लिटर पाणी ३६-३७ मीटर वर चढवायला कमीत कमी ०.१ युनिट लागतं, मोटार कोणाचीही असो.

आता डिसेंबर २०२२ ची बातमी घ्या. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबरला अणुसंलयन घडवायला १९२ लेझर एका मिरीएवढ्या गोळीवर सोडले. २.०५ मेगाजूल आत, ३.१५ मेगाजूल बाहेर. ‘घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली, आता वीज फुकट’ असे मथळे आले. प्रयोग अस्सल होता, फार मोठा होता, मी स्वतः त्या रात्री पेढे आणले होते. पण युनिटमध्ये आणा. ३.१५ भागिले ३.६, म्हणजे ०.८७ युनिट. एक युनिटही नाही. पाच एचपीची मोटार त्यावर दहा-बारा मिनिटं चालेल. आणि ते लेझर पेटवायला ग्रीडमधून घेतले सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ८३ युनिट. ‘घातलेली ऊर्जा’ मोजली ती फक्त गोळीपर्यंत पोचलेली.

मग मथळा खोटा होता का? गोळीपुरता खरा होता. वीजबिलापुरता नव्हता. हिशेब कोणत्या कुंपणापाशी थांबवलाय, हे पाहायची सवय लावा.

हेच गणित दुकानातही चालतं. मध्यंतरी एक जाहिरात फिरत होती: ‘नव्या चुंबकीय तंत्रज्ञानाची अर्धा एचपी मोटार, तीनशे फुटांवरून तासाला दहा हजार लिटर’. तीनशे फूट म्हणजे ९१ मीटर. दहा हजार लिटर तेवढं वर आणायला, नळीतली घसट आणि पंपातली नासाडी शून्य धरली तरी, जवळपास अडीच युनिट हवेत. तासाभरात अडीच युनिट म्हणजे अडीच किलोवॉट, सव्वातीन एचपीच्या वर. अर्धा एचपीत ते बसवायचं तर पृथ्वीलाच सांगावं लागेल की बाई, जरा कमी ओढ.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा फॉरवर्ड आला तर गणितही नको. हायड्रोजन जळून जे उरतं ते पाणी. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. राखेवर कोणी भाकरी भाजून दाखवत असेल तर चुलीच्या मागे हात घालून बघा.

## ४. दुसऱ्या कोणाला जमलं का?

आता एलके-९९. दक्षिण कोरियातल्या एका गटाने २२ जुलै २०२३ ला दोन प्रीप्रिंट टाकले: शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि तांबं असलेला पदार्थ साध्या दाबाला आणि १२७ अंशांपर्यंत अतिवाहक राहतो. कृती सोपी होती, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो बनवून पाहिला, अतिवाहकता मिळाली नाही. रोध अचानक पडत होता तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, जे शंभर अंशांच्या थोडं वर आपली रचना बदलतं. जर्मनीत स्टुटगार्टला शुद्ध स्फटिक वाढवला, तर तो चक्क विद्युतरोधक निघाला. खड्याचं अर्धवट तरंगणं हे साध्या चुंबकत्वानेही होतं. हे सगळं महिन्याच्या आत.

आणि खरा शोध कसा वागतो? १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी नव्या जातीचे अतिवाहक शोधले. १९८७ च्या सुरुवातीला उणे १८० अंशांपाशी चालणारा पदार्थ आला आणि काही आठवड्यांत तो कितीतरी प्रयोगशाळांत बनला. ज्याने बनवला त्याला जमला. त्या दोघांना नोबेल मिळालं ते त्याच वर्षी. गुरुत्वीय लहरींचंही, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या तरंगांचंही, पाहा. अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी सात मिलिसेकंदांच्या फरकाने तोच संकेत मिळाला. त्यांनी पाच महिने तपासलं आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितलं. तसलीच एक वेधशाळा आता आपल्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे.

आपल्याला घाई नसते, इथेच आपला फायदा. पंधरा दिवस गप्प बसलात तर बऱ्याच गोष्टींचा निकाल दुसरेच लावतात.

## ५. आधी लूज कनेक्शन

“मोटार जळाली” म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांची मोटार चांगली असते. स्टार्टरमधला लग सैल असतो किंवा एक फेज गेलेली असते. वाइंडिंग उघडायच्या आधी आम्ही जोड आवळून बघतो.

सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरवर इटलीत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला, असे मथळे. पुढच्या फेब्रुवारीत कारण सापडलं: घड्याळाच्या यंत्रणेतल्या एका ऑप्टिकल फायबर केबलचा जोड नीट बसलेला नव्हता. घड्याळातही एक वेगळी चूक होती. बातमी वाचून मी दुकानात एकटाच हसलो, कारण हे आम्ही रोज बघतो. मात्र त्या शास्त्रज्ञांना नावं ठेवू नका. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आमची चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. मथळ्यांनी ते वाक्य छापलं नाही, किंवा शेवटच्या परिच्छेदात टाकलं. बातमी वाचताना तो शेवटचा परिच्छेद आधी वाचा.

## ६. तुलना कोणाशी केली?

छोटी पायरी. २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की त्यांच्या ५३ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे अशा संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक) क्वांटम संगणकाने २०० सेकंदांत केलेलं काम महासंगणकाला दहा हजार वर्षं लागेल. आयबीएमने उत्तर दिलं: आमच्या पद्धतीने केलं तर अडीच दिवस. शिवाय ते काम असं निवडलेलं, की त्याचा व्यवहारात उपयोग काही नव्हता. यंत्र मोलाचंच आहे, पण शेजारी उभं केलेलं यंत्र किती दमलेलं होतं ते पाहा. म्हैस किती दूध देते हे शेळीशेजारी बांधून ठरवत नाहीत.

मुंबई-पुणे हायपरलूपही आठवा, जवळपास हवा काढलेल्या नळीतून धावणारी गाडी. पंचवीस मिनिटांत पोचणार होतो. ती आणणाऱ्या व्हर्जिन हायपरलूप कंपनीने २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पाचशे मीटरच्या नळीत दोन माणसं बसवून चाचणी घेतली, वेग होता ताशी १७२ किलोमीटर. २०२३ च्या अखेरीस कंपनी बंद झाली.

## ७. पैसे मागितले की खुर्चीवरून उठा

ही माझी एकवीस हजारांची पायरी.

शालक मला नाशिककडे ‘बिनइंधनाचा जनरेटर’ दाखवायला घेऊन गेला. एक एचपीची मोटार, तिला जड चाक, चाकाला अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरची वीज परत मोटारीला. वर नऊ वॉटचे दहा दिवे लखलखत होते. मी मोटारवाला. मोटार ८५ टक्के, अल्टरनेटर ८० टक्के, गुणाकार केला तर शंभरातले ६८ परत येतात, एकाच फेरीत बत्तीस गायब. चाक फक्त साठवतं, निर्माण करत नाही. हे मला झोपेतही येतं. तरी मी पैसे दिले. का? दिवे डोळ्यांसमोर पेटलेले होते, शालक शेजारी उभा होता, आणि ‘तुमच्या तालुक्याची एजन्सी आज दुसरा एक जण घेऊन चाललाय’ असं सांगितलं गेलं.

पॅनेलचा डबा उघडायला मी हात पुढे केला तर म्हणाले, पेटंट चालू आहे. घरी येऊन गणित केलं: दहा दिव्यांना लागतात ९० वॉट. दुचाकीची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि एक लहान इन्व्हर्टर, दिवे अर्धा तास आरामात. दोन्ही त्या डब्यात सहज मावतात. आठवड्याने फोन बंद लागला.

तेव्हा सापळे ओळखून ठेवा. डबा उघडू न देणं. वजनावर किंवा मीटरवर मोजू न देणं. ‘मोठ्या कंपन्या हा शोध दाबतात’ हे वाक्य. पेटंटचा आधार, पेटंट हे यंत्र चालतं याचं प्रमाणपत्र नव्हे, अर्ज क्रमांक तर मुळीच नव्हे. आणि एजन्सीची अनामत. १९९६ मध्ये तामिळनाडूत झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवणाऱ्याने भल्याभल्यांना गुंगवलं होतं; चेन्नईच्या सीबीआय न्यायालयाची शिक्षा लागायला २०१६ साल उजाडलं. वीस वर्षांत लोकांचे पैसे कुठल्या कुठे गेले असतील.

‘वीज वाचवणारा’ प्लगचा डबा बाजारात अजून मिळतो. मी तो उघडला आहे: एक लहान कपॅसिटर आणि एक एलईडी. कपॅसिटर ही चांगली वस्तू, शेतपंपाला जरूर लावा, त्याने लाइनवरचा करंट कमी होतो. पण घरचं मीटर मोजतं ते युनिट, आणि युनिट त्याने कमी होत नाहीत.

## ८. उलट्या बाजूलाही चूक होते

एकवीस हजार गेल्यावर मी इतका कडू झालो की सोलर पंपाचीही टर उडवू लागलो. “ढग आला की पाणी बंद, हे काय शेतीचं साधन आहे का?” असं मी दुकानात बसून कित्येकांना सांगितलं. दोन जणांनी माझ्या बोलण्यावरून सोलर पंपासाठी अर्ज केला नाही आणि पुढची दोन वर्षं रात्री दोनच्या लाईटला टॉर्च घेऊन बांधावरून चालत राहिले. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प तेव्हा चालू झालेला होता. म्हणजे गाडी सुरतेला उभी, आणि मी ती भुसावळहून सुटलेलीच नाही म्हणून भांडत होतो. त्या दोघांतला एक जण अजून दुकानावर आला की आधी तेच बोलून दाखवतो.

पायरी १ ते ६ खऱ्या वस्तूला लावल्या की ती त्यातून पार होते. पार झाली की मान्य करा, मग ती आवडो न आवडो.

## सरावासाठी एक

नानांनी केबल घेतली, तेव्हाच. मोटार अजून चालते आहे. परवा त्यांनीच मला नवा फॉरवर्ड पाठवला: ‘नवी बॅटरी, पाच मिनिटांत चार्ज, गाडी १५०० किलोमीटर’. खाली लिहिलं होतं, “भाऊ, तुम्हीच गणित करा.” केलं.

इलेक्ट्रिक कारला किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट लागतं. १५०० किलोमीटरला २२५ युनिट. ते पाच मिनिटांत भरायचे, म्हणजे तासाच्या बाराव्या भागात. २२५ गुणिले १२, झाले २७०० किलोवॉट. गावातली मोठी डीपी (ट्रान्सफॉर्मर) १०० केव्हीएची, म्हणजे फार तर १०० किलोवॉटची. एका गाडीला सत्तावीस डीपी हव्यात.

नानांच्या गावात तीन आहेत. त्यातली एक जळालेली.